शस्त्रवैद्याची धूळपाटी

पूर्वीच्या काळी मुलास अक्षर शिकवावयाचे असले म्हणजे त्याच्या हाती एकदम बोरू आणि कागद देत नसत. त्याच्यापुढे धूळपाटी ठेवीत. बोटाने अक्षर काढावे, वाकडे आले तर तळहाताने पुसावे आणि पुन्हा काढावे. कागद महाग असे आणि त्यावर पडलेली शाई पुसली जात नसे, हेच त्याचे साधे कारण. पुढे कित्ता गिरवून हात वळला म्हणजे मग कागद. शस्त्रवैद्यास मात्र अलीकडच्या पुष्कळ पिढ्यांत अशी धूळपाटी मिळाली नाही. त्याने प्रेतावर शरीररचना पाहिली, ग्रंथ वाचले, वडील शल्यचिकित्सकाशेजारी उभे राहून जखमेच्या कडा ओढून धरल्या. परंतु ज्या दिवशी सुरी प्रथम त्याच्या हाती आली, त्या दिवशी तिच्याखाली जिवंत मनुष्य होता. हा मनुष्य कोण असे, ह्याचा उच्चार मोठ्याने फारसा कोणी करीत नाही.

यवतमाळसारख्या जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर सापडते. वर्धा आणि पैनगंगा ह्या नद्यांच्या दरम्यान पसरलेला हा सोळा तालुक्यांचा मुलूख १३,५८२ चौरस किलोमीटरांचा आहे, आणि २०११ च्या खानेसुमारीत त्याची लोकवस्ती सुमारे पावणेअठ्ठावीस लाख भरली. काळी जमीन, कापसाचे पीक, आणि घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी ह्या बाजूस कोलाम व गोंड लोकांचे पोड आणि पाडे. उमरखेडकडील माणसास नांदेड जवळ आणि वणीकडील माणसास चंद्रपूर जवळ, अशी येथील वाटांची रीत. तरीही ज्याच्या गाठी पैसा नाही त्याची पावले अखेर यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्याकडेच वळतात. त्या दवाखान्याशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९८९ साली निघाले. पुसद तालुक्यातील गहुली गावी जन्मलेले आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक ह्यांचे नाव त्यास दिले आहे. जेथे महाविद्यालय तेथे विद्यार्थी, आणि जेथे विद्यार्थी तेथे शिकणारा हात. शहरातला सुखवस्तू गृहस्थ आपला शल्यचिकित्सक चौकशी करून, चार जणांस विचारून निवडतो. हात बसलेला असेल त्याच्याच हाती आपले पोट देतो. घाटंजीकडील शेतमजुरास ही निवड नसते. त्या हाताचे पहिले धडे त्याच्या अंगावर होतात.

ह्यात कोणाचा गुन्हा आहे असे मुळीच नाही. जगात सर्वत्र हीच रीत होती. धर्मार्थ इस्पितळांतील गरिबांच्या अंगावरच युरोप-अमेरिकेतील शस्त्रविद्या वाढली. शिकाऊ डॉक्टराजवळ वडील शिक्षक उभा असतो, हात चुकू लागला की तो सावरतो, आणि त्यामुळे बहुतेक रोगी सुखरूप घरी जातात. तथापि शिकण्याचा जो भुर्दंड पडतो, म्हणजे अधिक वेळ चाललेली भूल, दोनदा घातलेला टाका, उगाच भाजली गेलेली बाजूची त्वचा, तो ज्याच्या पदरी पडतो तो मनुष्य बहुधा अशिक्षित असतो आणि काही बोलत नाही. पुण्यामुंबईच्या ज्या गृहस्थाचे पित्ताशय आज तासाभरात सुरळीत निघते, त्या गृहस्थाच्या मनातही येत नाही की, ह्या कुशल हाताचे आरंभीचे शंभर धडे कोणीतरी सोसलेले आहेत.

आपल्याकडील प्राचीनांना हा प्रश्न पडला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तरही दिले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय सर्वस्वी ह्याच गोष्टीस वाहिलेला आहे. शास्त्र कितीही पढलेला असो, ज्याने हाताने सराव केलेला नाही तो कर्मास अयोग्य, असा त्या अध्यायाचा आशय आहे. आणि मग कोणते कर्म कशावर गिरवावे ह्याची सविस्तर यादीच दिली आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी ह्यांवर करावा. पाण्याने किंवा चिखलाने भरलेली कातडी पिशवी फोडून भेदन शिकावे. केस असलेल्या चामड्यावर खरवडणे, मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर वेध घेणे, किडीने पोखरलेल्या लाकडात शलाका घालून वाट शोधणे, फणसाच्या किंवा बेलाच्या गरातून बी ओढून काढणे, जाड कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडा शिवणे, आणि पट्टी बांधण्यासाठी माणसाची बाहुली. बारकाईने पाहिले तर प्रत्येक वस्तू का निवडली हे ध्यानात येते: कोहळ्याची साल सुरीला जो विरोध करते तो वेगळा आणि पिशवीचा वेगळा. हाताला काय लागावे ह्याचा विचार येथे केलेला आहे. शस्त्रवैद्याची धूळपाटी ती हीच. पुढे ती कोठे हरवली ह्याचा इतिहास लांबलचक आहे. येथे त्याचे कारण नाही.

आज ह्या धूळपाटीची गरज पूर्वीपेक्षा अधिक भासू लागली त्यास कारण दुर्बिणीची शस्त्रक्रिया. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉक्टर तेहेमतन उडवाडिया ह्यांनी १९७२ साली पोटात दुर्बीण घालून रोगनिदान करण्यास आरंभ केला, आणि १९९० साली त्याच रुग्णालयात दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढून दाखविले. हिंदुस्थानातील ही त्या जातीची पहिली शस्त्रक्रिया होय. ज्या मुलखात रोजंदारीवर पोट चालते तेथे हिचे महत्त्व फार. मोठी चीर नाही, म्हणून वेदना थोड्या आणि दवाखान्यातला मुक्काम थोडा. कापूस वेचणीच्या दिवसांत पंधरा-वीस दिवस खाटेवर पडून राहणे आणि तीन-चार दिवसांत घरी जाणे ह्यांतील अंतर त्या घरची चूल जाणते.

परंतु ही विद्या हाताला भलतीच अवघड पडते. पोटात वायू भरून ते घुमटासारखे फुगवावयाचे, अर्ध्या-एक सेंटीमीटर रुंदीच्या तीन-चार भोकांतून दुर्बीण आणि लांब दांड्यांची हत्यारे आत सोडावयाची, आणि डोळे पोटाकडे न लावता समोरच्या पडद्याकडे लावून काम करावयाचे. ह्यात तीन गोष्टी एकदम उलटतात. हत्यार भोकाच्या कडेवर तरफेप्रमाणे टेकलेले असते, म्हणून हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे जाते. पडद्यावरचे चित्र सपाट असते, म्हणून कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे हे अंदाजाने ठरवावे लागते. आणि बोटांना जे मऊ-कठीण कळत असे ते हातभर लांब दांड्यातून फारच अंधुक कळते. आरशात पाहून डाव्या हाताने सुईत दोरा ओवण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल, त्याला ह्याची थोडी कल्पना येईल. नव्वदच्या दशकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत असे घडले की, उघड्या शस्त्रक्रियेत केस पिकलेले नामांकित शल्यचिकित्सक ह्या नव्या विद्येपुढे पुन्हा बिगारीत जाऊन बसले. दोन-चार दिवसांच्या वर्गात शिकून कित्येकांनी लगेच रोग्यावर प्रयोग आरंभिला, आणि पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रकार वाढले. पित्तनलिका कापली जाणे हा लहानसा अपघात नव्हे. त्या माणसाचे पुढील आयुष्य दवाखान्याच्या वाऱ्या करण्यात जाते.

येथे विमानविद्येची आठवण होते. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थाने १९२९ च्या सुमारास जमिनीवर बसून विमान चालविण्यास शिकविणारे यंत्र तयार केले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता, आणि बाजाचे भाते तेच ह्या यंत्राचे भाते झाले. आरंभी लोक त्यास जत्रेतले खेळणे समजले. पुढे १९३४ साली लष्कराच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम पडले. धुक्यात आणि अंधारात अनेक वैमानिक दगावले, आणि मग लष्कराने ही यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात तर हजारो वैमानिक त्यावर तयार झाले. शस्त्रविद्येत असे यंत्र सर्वमान्य होण्यास त्यानंतर आणखी साठ-सत्तर वर्षे जावी लागली. कारण उघड आहे, पण कटू आहे. वैमानिक चुकला तर तो स्वतः मरतो. शस्त्रवैद्य चुकला तर मरणारा दुसरा असतो.

संगणकाने आता हे यंत्र शस्त्रवैद्याच्याही दाराशी आणले आहे. त्यास सिम्युलेटर म्हणतात. बाहेरून पाहिले तर दोन मुठी आणि एक पडदा, इतकेच. मुठी हलविल्या की पडद्यावर हत्यारे हलतात. चित्रातील पित्ताशय ओढले असता ताणते, शीर कापली असता रक्त येते, आणि महागड्या यंत्रांत तर लहान विद्युत्‌यंत्रांच्या योगाने मुठीला उलट जोर लागून हातास स्पर्शाचा भासही होतो. परंतु यंत्राचा खरा गुण चित्रात नाही, मोजमापात आहे. हात किती अंतर फिरला, उगीच किती वेळा हलला, डावा हात स्वस्थ बसला की कामाला आला, चटका कोठे भलतीकडे लागला, ह्या सर्वांचा हिशेब ते ठेवते. वडील शिक्षक थकतो, रागावतो, कधी भिडेस्तव गप्प बसतो. यंत्र शंभराव्या वेळीही पहिल्या वेळेइतक्याच शांतपणे चूक दाखविते.

ह्याचा गुण खरोखर रोग्यापर्यंत पोहोचतो काय, हा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात त्याची परीक्षा झाली आणि २००२ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. सोळा शिकाऊ शल्यचिकित्सक घेतले. निम्म्यांना नेहमीच्या शिक्षणाखेरीज यंत्रावर एका ठरावीक पातळीपर्यंत तयार केले, निम्म्यांना नुसते नेहमीचे शिक्षण दिले. मग सर्वांकडून पित्ताशय यकृतापासून सुटे करविले, आणि कोण कोणत्या गटातील हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी त्यांची चित्रफीत तपासली. यंत्रावर तयार झालेल्यांचे काम २९ टक्के लवकर उरकले. न झालेल्यांच्या हातून पित्ताशयास इजा होण्याचा किंवा भलतीकडे चटका बसण्याचा संभव पाचपट होता, आणि काम मध्येच अडून राहण्याचा संभव नऊपट. संख्या थोडी आहे हे खरे, परंतु त्यानंतर झालेल्या पुष्कळ परीक्षांचा कल ह्याच बाजूस आहे.

आता हे यंत्र स्वस्त नाही. यवतमाळसारख्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यात भूल देण्याचे साहित्य, रक्त, खाटा आणि परिचारिका ह्यांच्या गरजा आधी उभ्या असतात. तेथे लक्षावधी रुपयांचे यंत्र मागणे म्हणजे घरात ज्वारी नसताना सोनाराकडे जाण्यासारखे वाटेल. शिवाय यंत्र आले तरी ते चालविण्यास मनुष्य लागतो, बिघडले तर दुरुस्त करणारा लागतो, आणि कुलूपबंद खोलीची किल्ली विद्यार्थ्याच्या सोयीच्या वेळी मिळावी लागते. शाळांच्या प्रयोगशाळांतील कपाटे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ह्या शेवटच्या अडचणीचे वजन सांगावयास नको.

सुदैवाने धूळपाटी ही सोन्याची असावी लागत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या शल्यचिकित्सकांनी नव्वदच्या दशकात एक साधी पेटी घेऊन काही ठरावीक धडे बसविले. खुंटीवरील सहा रबरी वस्तू एका हत्याराने उचलावयाच्या, हवेतच दुसऱ्या हत्याराच्या हवाली करावयाच्या, पलीकडच्या खुंट्यांवर ठेवावयाच्या, आणि पुन्हा परत आणावयाच्या. जाळीच्या कापडावर काढलेले वर्तुळ रेघ न सोडता कापावयाचे. रबरी नळीला टाका घालून आतल्या आत गाठ मारावयाची. दिसण्यास हा बालवर्गाचा खेळ. पण पुढे त्यावरून तयार झालेली परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज अमेरिकेत सामान्य शल्यचिकित्सकास मंडळाचे प्रमाणपत्र मिळेनासे झाले. आणि महागडे यंत्र व साधी पेटी ह्यांच्या सरावाच्या फळांत, निदान आरंभीच्या धड्यांपुरते, फारसे अंतर पडत नाही असे अनेक तौलनिक अभ्यासांत दिसून आले आहे.

अशी पेटी आज कोणासही करता येते. एक खोका, त्याच्या झाकणाला दोन भोके, आत एक लहान दिवा, वर टेकवून ठेवलेला मोबाइल फोन, आणि शस्त्रक्रियागृहातून बाद झालेली दोन लांब हत्यारे. फोनचा कॅमेरा दुर्बिणीचे काम करतो आणि त्याचाच पडदा समोर दिसतो. मोठा पडदा हवा असल्यास चित्र दुसरीकडे पाठविता येते. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, नित्याच्या शस्त्रक्रिया थांबल्या तेव्हा देशोदेशीच्या शिकाऊ डॉक्टरांनी अशा पेट्या घरीच करून हात चालू ठेवला. आणि गाठी मारण्यास दोरा लागतो म्हणावे, तर कापसाच्या जिल्ह्यात सुताची वाण कोठली? फोनमुळे आणखी एक गोष्ट साधते. धडा चित्रित होतो. सायंकाळी केलेली गाठ सकाळी शिक्षकास दाखविता येते, आणि शिक्षक नागपुरास असला तरी अडत नाही.

दूरच्या शिक्षकाची ही कल्पना कोठवर जाऊ शकते, ह्याचे टोकाचे उदाहरण २००१ च्या सप्टेंबरात घडले. डॉक्टर झाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसले होते आणि रोगी स्त्री फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे होती. तारेवरून हत्यारे हलवून त्यांनी तिचे पित्ताशय काढले. हात हलणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे ह्यांत सेकंदाच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतकाच विलंब होता. हे वाचून मन थक्क होते, पण जिल्ह्याच्या उपयोगी पडणारी गोष्ट त्याहून साधी आहे: हत्यार येथल्याच डॉक्टराच्या हाती राहावे, आणि दूरच्या वडील माणसाने पडद्यावर बोटाने रेघ ओढून, येथे थांबा, ही नलिका आहे, एवढे सांगावे. तेवढ्या एका वाक्याने वाचलेली पित्तनलिका पुष्कळ झाली.

यंत्राच्या भक्तांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. जेथे गुण मिळतात तेथे विद्यार्थी गुणांसाठी शिकू लागतो, हा शिक्षणातला जुना रोग आहे आणि तो सिम्युलेटरलाही जडतो. यंत्र कशाने खूश होते हे हुशार मुलगा आठवड्यात ओळखतो, आणि मग वेळ वाचविण्याच्या नादात हात झटक्याने चालवू लागतो. यंत्रातील पित्ताशय प्रत्येक वेळी जवळजवळ तेच असते. माणसाच्या पोटात तसे नसते. तेथे जुन्या सुजेने सर्व एकमेकांस चिकटून बसलेले असते, नलिका भलत्याच ठिकाणी निघते, आणि अशा वेळी दुर्बीण बाजूस ठेवून सरळ चीर घेणे ह्यातच शहाणपण असते. तो निर्णय घेण्याचे धैर्य, आणि आज शस्त्रक्रिया करूच नये असे म्हणण्याचे त्याहून मोठे धैर्य, कोणत्याही पेटीत शिकता येत नाही. रोग्याच्या मुलाला बाहेर जाऊन काय सांगावे हेही तेथे शिकता येत नाही. आणि कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला भूल देण्यापूर्वी धीर कसा द्यावा, हे तर नाहीच नाही.

धूळपाटीवर अक्षर काढणाऱ्या मुलाशेजारीही पंतोजी बसलेला असे. सर्वांत कठीण भाग तो आहे. सरकारी महाविद्यालयातील शिक्षक सकाळी रोगी पाहतो, दुपारी शस्त्रक्रिया करतो, रात्री अपघाताचे रोगी घेतो. त्याला पेटीजवळ पाऊण तास बसविणे हे यंत्र विकत घेण्याहून अवघड आहे. परंतु सरावावर कोणाची नजर नसेल तर हात चुकीचेच वळण पक्के करतो. बोरू एकदा चुकीचा धरावयास शिकलेले मूल पुढे वर्षभर सुधारत नाही.

वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांतही ह्या गोष्टीचा शिरकाव झाला आहे. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात नुसते पुस्तकी ज्ञान पुरेसे न मानता ठरावीक कौशल्ये हाताने करून दाखविण्याची अट आली, आणि ती गिरविण्यासाठी महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा आवश्यक ठरली. २०२० साली आणखी एक नियम झाला: पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणकाळातील तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्यव्यवस्थेत काढावयाचे. म्हणजे मोठ्या शहरातील नामांकित महाविद्यालयाचा विद्यार्थीही ह्या निमित्ताने एखाद्या आडबाजूच्या जिल्ह्यात येऊन पोहोचतो. तेथे दुर्बीण असेल, नसेल. वडील शल्यचिकित्सक एखादाच असेल. मध्यरात्री आतडे फुटलेला रोगी बैलगाडीने नाही तरी रुग्णवाहिकेने येतो, आणि दुसऱ्या गावी पाठवावयाचा तर वाटेत तीन-चार तास जातात. त्या वेळी ह्या विद्यार्थ्याच्या बोटांत जी गाठ बसलेली असेल तीच उपयोगी पडते.

अशा विद्यार्थ्याच्या खोलीत टेबलावर एक खोका असावा, त्यावर फोन टेकवलेला असावा, आणि खालच्या केराच्या टोपलीत सुताचे तुकडे साचलेले असावेत. शंभर गाठींपैकी ज्या साठ सुटल्या, त्या त्याच टोपलीत गेल्या.